कोबाल्टचा रंग

"पाना नीट धर आणि जोर लाव," अढाऊ सर म्हणाले. "झाकण उघडून राहिली की गोंजारून राहिली?"

गोंजारतच होते मी. मे महिन्यातली अमरावती. कूलरमध्ये पाणी भरणारा माणूस सुटीवर, त्यामुळे कूलर नुसता गरम वारा फेकत होता, आणि माझ्या हातात तो जड लोखंडी डबा. त्याला आम्ही बॉम्ब म्हणायचो. आत टेफ्लॉनची वाटी, वाटीत आमचा माल, वरून आट्यांचं जाड झाकण. ओव्हनमध्ये चांगला तापवायचा आणि मग सावकाश, अगदी सावकाश थंड होऊ द्यायचा. उघडला की आत एक तर क्रिस्टल निघत, नाही तर चिखल. माझ्या वाट्याला बहुतेक वेळा चिखलच यायचा. पीएचडीचं सहावं वर्ष चालू होतं आणि चिखलाचे सगळे प्रकार मला तोंडपाठ झाले होते.

आमचं काम सांगायला सोपं होतं. फॉस्फोनिक ॲसिड आणि धातू यांची गाठ घालून द्यायची. या ॲसिडमधल्या फॉस्फरसला ऑक्सिजनचे तीन हात असतात. धातू दिसला रे दिसला की तिन्ही हात एकदम पुढे येतात, पंगतीत जिलबी आल्यासारखे. त्या घाईत सगळा लगदा होतो. क्रिस्टल हवा असेल तर ही भेट रमतगमत घडवावी लागते. सरांनी आपली सगळी नोकरी अशा भेटी घडवण्यात घालवली होती आणि त्यांचा धातू ठरलेला होता, कोबाल्ट. का, तर कोबाल्ट खोटं बोलत नाही, असं ते म्हणत. पाणी धरून बसला की गुलाबी, पाणी सोडलं की निळा. आत काय चाललंय ते रंगावरून कळतं, मशीन लागत नाही.

झाकण निघालं. मी वाटी उजेडात धरली आणि माझा माझ्यावरच विश्वास बसेना. तळाशी गुलाबी पातळ चकत्या पडल्या होत्या, कडा धारदार, एकेक सुटी.

"निघाले सर."

सरांनी वाटी नाकाशी नेली. हल्ली ते सगळंच नाकाशी नेत. "हं," म्हणाले. एवढंच. पण त्यांचा हात माझ्या डोक्यावर एक क्षण टेकला, आणि मला रडू यायला लागलं. आनंदाचं म्हणावं तर तसं नव्हतं. फार थकले होते मी.

आमच्या पुढचा पेच असा होता. थीसिसची सगळी प्रकरणं लिहून झाली होती. एकच गोष्ट राहिली होती. या क्रिस्टलच्या आत कोबाल्ट कुणाला धरून बसला आहे, त्याची नेमकी रचना. त्यासाठी एक धड क्रिस्टल पुण्यातल्या एका संस्थेतल्या एक्स-रे मशीनवर बसायला हवा होता. आम्ही दोनदा कुरियरनं क्रिस्टल पाठवले आणि दोन्ही वेळा तिकडे पीठ पोचलं. आणि जूनअखेर सर रिटायर होणार होते. ते गेले की मला दुसऱ्या गाईडकडे नाव लावावं लागणार, आणि तो म्हणणार, कोबाल्ट सोड, माझा विषय घे. म्हणजे पुन्हा श्रीगणेशा.

हे असं आधी झालेलं होतं. माझ्या आधीपासून सरांकडे शोभना धांडे नावाची मुलगी काम करायची. तिचेही क्रिस्टल पुण्याला जाताना पीठ होत. सर म्हणाले, पॅकिंग धड नाही. ती म्हणाली, दोष पॅकिंगचा नाही. क्रिस्टलवरून सुरू झालेलं भांडण मग हुशारीवर गेलं, हुशारीवरून वागण्यावर गेलं, आणि तीनेक वर्षांमागं एक दिवस शोभना ॲप्रन खुंटीला टांगून निघून गेली. तो ॲप्रन अजून तिथंच होता. दर्यापूरला शाळेच्या पोरांचे क्लास घेते असं कानावर होतं. माझी आई मला उठता-बसता विचारायची, "प्रमिला, तुझी शोभना तर नाही ना होणार?" वर म्हणायची, "पीएचडी आहे की गिरणीतलं दळण? नंबरच लागून नाही राहिला."

सरांचा एक नियम होता. ओलं सॅम्पल डिपार्टमेंटच्या बाहेर जायचं नाही. आधी ॲसिटोननं धुवायचं, मग डेसिकेटरमध्ये वाळवायचं, मगच बाटलीत भरायचं. "पोरीला न्हाऊ-माखू घातल्याशिवाय पाहुण्यासमोर उभी करतात का?" असं ते विचारत. डेसिकेटर म्हणजे जाड काचेची झाकणवाली बरणी. तळाशी सिलिका जेलचे मणी, वर जाळी, जाळीवर सॅम्पल. मणी हवेतली ओल पिऊन टाकतात. त्या मण्यांतही कोबाल्टच असतो, म्हणून कोरडे असताना ते निळे आणि ओल प्यायले की गुलाबी. गुलाबी झाले की ओव्हनमध्ये भाजून पुन्हा निळे करायचे. हे पहिल्या वर्षाच्या पोराला शिकवतात.

मी नियमाप्रमाणे क्रिस्टल धुतले आणि वाळत ठेवले. दुपारी झाकण सरकवून पाहिलं तर चकत्यांच्या कडांना जांभळट झाक आली होती. संध्याकाळपर्यंत त्या पार निळसर झाल्या, आणि अंगावर बारीक तडे गेले. हे मी आधीच्या खेपांनाही पाहिलं होतं आणि सांगितलंही होतं. या वेळी पुन्हा सांगायला गेले.

सरांनी चकती फिल्टर पेपरवर घेतली, खिडकीशी गेले, चष्मा वर केला, खाली केला. "गुलाबीच आहे," म्हणाले.

"निळी झाक वाटते सर."

"प्रमिला, पाणी गेलं असतं तर रंग बदलला असता. रंग बदलला नाही, म्हणजे पाणी जागेवर आहे. एवढं साधं आहे. शोभनासारखं करू नको."

त्यांच्या म्हणण्यात चूक काढायला जागा नव्हती. रंग बदलला नाही तर पाणी जागेवर असतंच. आणि रंगाच्या बाबतीत आमच्या डिपार्टमेंटमध्ये सरांचा डोळा म्हणजे सुप्रीम कोर्ट. लोक लांबून सॅम्पल घेऊन यायचे, अढाऊ सर नुसतं पाहून सांगत, यात पाणी किती आणि ते कुठे. अशा माणसाला मी काय सांगणार? मला वाटलं, सहा वर्षं पांढऱ्या ट्यूबलाइटखाली बसून माझेच डोळे गेले. बाटली भरली, कापूस लावला, डबीत ठेवली, डबी दुसऱ्या डबीत ठेवली आणि कुरियरला दिली.

आठवड्यानं पुण्याहून डॉ. इरावती सबनीस यांचा फोन आला. ते मशीन त्यांच्या ताब्यात होतं. बाई शांत बोलायच्या, पण त्यांचा एकेक शब्द टाचणीसारखा. म्हणाल्या, "अहो, तुम्ही पुन्हा पीठच पाठवलंयत. पीठ बघून पोळीचा आकार कसा सांगू मी?" मी माफी मागितली. कशाबद्दल मागितली ते मलाही कळलं नाही. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, पॅकिंग.

त्या दिवशी मला राग आला. सरांवर नाही, सगळ्यावरच. माणूस दमला की राग कुणावर काढायचा तेही त्याला सुचत नाही.

संध्याकाळी मी सरांच्या क्वार्टरवर गेले. रोज जायचे, कारण थीसिसची पानं सरांना वाचून दाखवायची असत. स्वतः वाचण्यापेक्षा ऐकलं की चूक लवकर सापडते, असं त्यांचं म्हणणं. मी पाच-सहा महिने घसा फोडून वाचत होते आणि हे काही वेगळं चाललंय असं मनातसुद्धा आलं नव्हतं. सर यायचे होते. काकूंनी पन्हं दिलं आणि समोर बसल्या. अंगावर मोरपंखी साडी, जरीचे बारीक काठ. मी म्हटलं, "काकू, साडी किती छान आहे."

"तुला तरी दिसली बाप्पा," काकू म्हणाल्या. "यायनं स्वतःच आणली होती दहा वर्षांमागं, निवडून. आता नेसली की विचारतात, ही राखेच्या रंगाची काहून नेसून राहिली म्हणून. म्हातारपणी माणसाच्या तोंडाला धरबंद राहत नाही."

मी हसले. काकूही हसल्या. सर आले, मी वाचायला बसले, आणि ते हसणं विसरून गेले.

आठवलं ते दुसऱ्या दिवशी. नवीन बॉम्ब लावायचा होता, म्हणून मी डेसिकेटरमधले मणी काढून ओव्हनमध्ये भाजले आणि परत भरले. गडद निळे झाले होते, शाईत बुडवल्यासारखे. सर मागून आले, बरणीत वाकून पाहिलं.

"हे अजून भाजलं नाही?"

"आत्ताच भाजलं सर."

"मग गुलाबी काहून आहे?"

मी बरणीकडे पाहिलं, मग सरांकडे. ते चिडलेले नव्हते, थट्टाही करत नव्हते. खरंच विचारत होते.

"सर, निळं आहे."

"प्रमिला, सकाळी सकाळी वाद नको. भाजून आण."

मी बरणी उचलली आणि तेच निळे मणी पुन्हा ओव्हनमध्ये नेऊन टाकले. ओव्हनसमोरच्या स्टुलावर बसून राहिले. राखेच्या रंगाची साडी, नाकाशी नेलेली वाटी, मोठ्यानं वाचून घेतलेली पानं, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं. कोबाल्ट खोटं बोलत नव्हता. सरांच्या डोळ्यांत पिवळा मोतीबिंदू पिकला होता आणि त्यातून निळा रंग आतच जात नव्हता. निळं दिसलं नाही की ते गुलाबीच धरत. माझं डोकं ठिकाणावर आहे हे कळून मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

सर लेक्चरला गेल्यावर मी काकूंकडे गेले. आडवळणानं विचारायला गेले होते. पण ताकाला जाऊन भांडं लपवणं मला जमत नाही. सरळच म्हटलं, "काकू, सरांना निळं दिसत नाही ना?"

काकू कांदा चिरत होत्या. चिरतच राहिल्या. मग म्हणाल्या, "निळं नाही, पायरी नाही, संध्याकाळच्याला माणूसही नाही. शुगर आहे ना, लवकर पिकला. मी सांगून सांगून थकली. यायच्या वडिलांचा डोळा ऑपरेशनमध्येच गेला होता. तेव्हाचं भ्याव बसलेलं आहे. डॉक्टरचं नाव काढलं की जेवण सोडतात."

मी माझी अडचण सांगितली. काकूंना केमिस्ट्री येत नव्हती, पण अडचण लगेच कळली.

"तू त्यायले सांगशील तर ते मानतील, असं नाही वाटत मला," त्या म्हणाल्या. "आणि मानलं तर अजून वाईट. प्रमिला, या माणसाची सगळी इज्जत त्या डोळ्यावर आहे. जूनपर्यंत थांब. इज्जतीनं घरी येऊ दे. मग मी त्यायले बांधून नेतो डॉक्टरकडं."

जूनपर्यंत थांबले असते तर माझा थीसिस गेला असता. काकूंना ते माहीत होतं. म्हणूनच त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली.

पुढचा बॉम्ब चांगला निघाला. मी सरांना म्हटलं, कुरियरचा भरवसा नाही, या खेपेस मी स्वतः बाटली मांडीवर घेऊन पुण्याला जाते. सर लगेच हो म्हणाले. त्यांना पॅकिंगचा प्रश्न एकदाचा सुटल्यासारखं वाटलं. त्यांच्या देखत मी निम्मे क्रिस्टल धुतले, वाळवले, बाटलीत भरले. उरलेले निम्मे मी धुतलेच नाहीत. ज्या पाण्यात वाढले त्याच पाण्यासकट दुसऱ्या बाटलीत घेतले, बाटलीला ओलं फडकं गुंडाळलं आणि घरच्या थर्मासमध्ये ठेवली. सरांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही.

पुण्यापर्यंतची ट्रॅव्हल्स मी थर्मास पोटाशी धरून केली. शेजारच्या बाईंनी दोनदा चहा मागितला.

सबनीस मॅडम फोनवर वाटल्या होत्या त्याहून वयानं मोठ्या निघाल्या. केस बारीक कापलेले, चष्मा दोरीला. कोरडी बाटली त्यांनी उजेडात धरली आणि न उघडताच बाजूला ठेवली. मग मी थर्मास उघडला. त्यांनी नळीनं एक थेंब काचपट्टीवर घेतला, मायक्रोस्कोपला डोळा लावला, आणि काचपट्टी दोनदा सरकवून पाहिली.

"हे आधी का नाही आणलंत?" त्यांनी विचारलं.

"आमच्याकडे सॅम्पल धुऊनच बाहेर पडतं मॅडम."

"कशानं धुता?"

"ॲसिटोननं."

"ॲसिटोन पाणी ओढून घेतो, हे तुमच्या सरांना ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे."

"मग?"

मला तेव्हा फार बोलावंसं वाटलं. सहा वर्षांचं सगळं त्या अनोळखी बाईंच्या टेबलावर ओतावंसं वाटलं. पण अढाऊ सरांचे डोळे म्हणजे आमच्या घरची गोष्ट होती. मी म्हटलं, "मॅडम, आमच्याकडे उन्हाळा फार असतो."

मॅडमनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि पुढे विचारलं नाही. क्रिस्टल त्यांनी तेलाच्या थेंबात बुडवला, की हवा लागू नये आणि पाणी उडू नये, मग केसाएवढ्या काचेच्या काडीवर चिकटवून मशीनवर चढवला. दोन दिवसांनी त्यांनी मला पडद्यासमोर बसवलं. कोबाल्ट मधोमध. चार बाजूंनी फॉस्फोनिक ॲसिडचे हात, आणि वर-खाली दोन पाणी, थेट कोबाल्टला धरलेली. ती दोन्ही पाणी एका थराला दुसऱ्या थराशी जोडत होती. ती काढली की घराचे आडे काढल्यासारखं होणार. एवढी वर्षं आम्ही तेच करत होतो, आधी न्हाऊ घालून.

परत आले तेव्हा सरांची खोली निम्मी आवरलेली होती. पुस्तकं गठ्ठ्यांत, भिंतीवर फोटो काढल्याचे चौकोन. सर खुर्चीत बसले होते. मी कागद टेबलावर ठेवला. त्यांनी त्याला हात लावला नाही. विचारलं, "पाणी कुठे आहे?"

"दोन पाणी आहेत सर. दोन्ही थेट कोबाल्टवर. ॲसिटोन आणि डेसिकेटर, यात तीच जातात. एक बाटली मी न धुता नेली होती, तिच्यातच हे दिसलं."

"गेली असती तर रंग बदलला असता."

काकूंचं बोलणं माझ्या डोक्यात होतं. सरांनी हात पुढे केला. "दोन्ही आण."

दोन्ही बाटल्या मी त्यांच्या हातात दिल्या. ते उठले, टेबलाच्या कडेला हात लावत खिडकीपर्यंत गेले. एक बाटली उजेडात धरली, मग दुसरी. मग दोन्ही शेजारी शेजारी. बाहेर ऊन मी म्हणत होतं. असा उजेड असताना एखाद्या लेकरालासुद्धा विचारायची गरज नव्हती. एक जास्वंदीसारखी गुलाबी, एक निळी. हातच्या काकणाला आरसा कशाला?

"दोन्ही सारखेच दिसून राहिले," सर म्हणाले.

मग त्यांनी स्वतःचंच वाक्य ऐकलं असावं. बाटल्या खाली घेतल्या. चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा पाहिलं. त्यांच्या मानेवर घाम आला होता. मला वाटलं, आता सांगावं की राहू द्या सर, उजेड चांगला नाही. पण उजेड चांगला होता.

"तुला कसे दिसतात?" त्यांनी विचारलं.

सहा वर्षांत त्यांनी मला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला.

"धुतलेला निळा सर. दुसरा गुलाबी."

ते खुर्चीत येऊन बसले. बाटल्या टेबलावर नीट, एकमेकींना लागून ठेवल्या. मग म्हणाले, "थीसिसमध्ये काय लिहिलं आहे?"

"वाळवल्यावर रंग बदलत नाही, असं."

"कुणी लिहायला सांगितलं होतं?"

"तुम्ही सर."

"खोड ते."

"काय लिहू?"

"तुला दिसते ते लिही," सर म्हणाले. आणि मग म्हणाले, "आता जा तू. उद्या ये."

मी जिन्यात जाऊन बसले आणि पोटभर रडले. काकूंचा शब्द मोडला की पाळला, काही कळत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही ते प्रकरण नव्यानं लिहिलं. मी वाचत होते, सर ऐकत होते, आणि रंगाचा उल्लेख आला की सर मान खाली घालत. जून संपायच्या आत थीसिस जमा झाला. घोडं गंगेत न्हालं, आईनं शेजारीपाजारी पेढे वाटले, आणि मी दोन दिवस नुसते झोपून काढले.

सर रिटायर झाले. निरोपाच्या कार्यक्रमात चार जणांनी भाषणं केली, चौघांनीही सरांच्या डोळ्याचं कौतुक केलं. सर शेवटी बोलायला उठले आणि दोन वाक्यांत बसले. काकूंना त्यांना बांधून न्यावं लागलं नाही. पावसाळ्यात एक दिवस ते स्वतःच म्हणाले, चल दवाखान्यात. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि व्यवस्थित झालं.

पट्टी निघाल्याचं कळलं तेव्हा मी भेटायला गेले. येताना त्या दोन बाटल्या आण, असा त्यांचा निरोप होता. सर पडवीत काळा चष्मा लावून बसले होते. काकू चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "ही साडी कधी घेतली?"

"ऐका!" काकू म्हणाल्या. "तुम्हीच आणली होती." आणि पदराचं टोक डोळ्याला लावत आत गेल्या.

मी बाटल्या दिल्या. ओल्या बाटलीचं बूच मी मेणानं बंद केलं होतं, चकत्या अजून तशाच होत्या. सरांनी गुलाबी बाटली थोडीशी पाहिली आणि ठेवून दिली. निळी मात्र खाली ठेवीनात. फिरवून पाहिली, हलवून पाहिली, ऑपरेशन न झालेल्या डोळ्यासमोर नेली, पुन्हा झालेल्या डोळ्यासमोर आणली.

"निळा आहे," ते म्हणाले.

"हो सर."

"हे असं तू पाहत होती?"

"हो."

"मग बोलली काहून नाही?"

मी कपातल्या चहाकडे पाहिलं. "बोलली होती सर."

"हो," सर म्हणाले. "बोलली होती."

पाऊस थांबला होता, पन्हाळीतून थेंब पडत होते. सर बाटली मुठीत धरून बसले. मला वाटलं झालं, आता दुसरं काही बोलतील, माझ्या व्हायव्हाचं विचारतील.

"तीही बोलली होती," ते म्हणाले.

कोण ते मी विचारलं नाही. सर उठून आत फोनपाशी गेले आणि मला नंबर लावायला सांगितलं. माझ्याकडे नंबर नव्हता. काकूंनी स्वयंपाकघरातूनच तो तोंडपाठ सांगितला. दर संक्रांतीला शोभना काकूंना फोन करायची, सर घरी नसतील अशी वेळ पाहून. हे आम्हा दोघांनाही त्या दिवशी कळलं.

मी नंबर लावला आणि रिसीव्हर सरांच्या हातात दिला. त्या जुन्या फोनचा आवाज बाहेरपर्यंत यायचा. पलीकडे पोरांचा गलका होता, मग बाईचा आवाज आला, हॅलो, कोण?

"शोभना," सर म्हणाले. "मी अढाऊ बोलतो."

गलका दूर गेला. तिनं दार लोटून घेतलं असावं.

"तुझे क्रिस्टल," सर म्हणाले, आणि त्यांना थांबावं लागलं. "निळेच होते ते. पॅकिंगचा दोष नव्हता."

त्यांनी रिसीव्हर कानावर घट्ट दाबला.

"हो सर," शोभना म्हणाली. "मला दिसत होते."

नंतर तिनंच विचारलं, तुमच्या डोळ्यांचं कसं आहे, काकू म्हणत होत्या त्रास आहे म्हणून. ऑपरेशन झालं, सर म्हणाले. थेंब वेळेवर टाकत जा, ती म्हणाली, पाणी लागू देऊ नका. मग म्हणाली, पोरं खोळंबलीत सर, ठेवू का? सर म्हणाले, ठेव.

तिनं ठेवला. सर मात्र रिसीव्हर कानाशी धरून तसेच उभे राहिले. काकूंनी येऊन तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि जागेवर ठेवला.